खडकाच्या पोटातून पिप-पिप: गुहा-बचावासाठी घरी बनवायचा पहिला संच

कात्रजच्या बोगद्यात गाडी शिरली की एफएमवरचं गाणं आधी खरखरतं आणि मग मुकं होतं. बोगद्याला निदान पलीकडे तोंड असतं. गुहेत दोन वळणं घेतली की वॉकीटॉकीचं हेच होतं आणि पुढे कितीही चाललात तरी तो परत बोलायला लागत नाही. आत कुणी पाय मोडून पडलं असेल, तर बाहेर निरोप नेण्यासाठी एक माणूस रांगत, सरपटत तासन् तास बाहेर यायचा आणि उत्तर घेऊन तितकाच वेळ परत आत जायचा. गुहेत उतरणाऱ्या हौशी लोकांनी घरी सोल्डरिंग करून वेगळे संच बनवायला सुरुवात केली ती या दगदगीला कंटाळून.

हा लेख नवशिक्यांसाठी आहे. तुम्हाला सोल्डरिंग येतं, मल्टिमीटर वापरता येतो, आणि रविवारी सिंहगडाऐवजी दुसरं काहीतरी करून बघायचं आहे, एवढं मी गृहीत धरतो. आपण तीन वस्तू बनवू: तारेचा साधा टेलिफोन, खडकातून ऐकू येणारा पिप-पिप करणारा बीकन, आणि त्याला वरून शोधणारा कान, म्हणजे त्याची पिप पकडून हेडफोनमध्ये ऐकवणारा रिसीव्हर. खडकातून बोलणं ही पुढची इयत्ता. तिच्याबद्दल शेवटाकडे सांगतो, कारण तिथे कायदाही आडवा येतो.

पुण्यात गुहा कुठे आहेत, असा प्रश्न लगेच येईल. चुनखडीच्या, मैलोन् मैल जाणाऱ्या गुहा आपल्याकडे नाहीत. आपला सगळा बेसाल्ट. आपल्याकडे आहेत ती कोरीव लेणी, गडांवरची खांबटाकी, जुने भुयारी नळ. तशा गुहांसाठी मेघालयात जावं लागतं आणि पुण्यातून लोक जातातही. पण संच तिथे जाऊन बनवता येत नाही. तो इथेच बनवायचा, इथेच बिघडवायचा आणि इथेच दुरुस्त करायचा.

खडक नेमकं काय करतो

रेडिओलहर विजेच्या वाहकात शिरली की मरते. ओला खडक आणि माती थोडीफार वीज वाहतात, म्हणून त्यांच्यात ती हळूहळू मरते. किती हळू, हे वारंवारतेवर ठरतं. ज्या खोलीवर ताकद मूळच्या सुमारे ३७ टक्के उरते तिला स्किन डेप्थ म्हणतात. कमी वारंवारतेसाठी हिशेब सोपा आहे: जमिनीचा विशिष्ट रोध ओहम-मीटरमध्ये घ्या, त्याला हर्ट्झमधल्या वारंवारतेने भागा, वर्गमूळ काढा आणि ५०३ ने गुणा. उत्तर मीटरमध्ये येतं.

१०० ओहम-मीटरचा ओलसर खडक धरू. ८७ किलोहर्ट्झला उत्तर येतं १७ मीटर. ३.३ किलोहर्ट्झला ८८ मीटर. वॉकीटॉकीच्या १४५ मेगाहर्ट्झला हे सूत्र लागू पडत नाही, पण वेगळ्या हिशेबाने तिथे मीटर-दीड मीटरच हाती लागतो. १० ओहम-मीटरची चिंब काळी माती असेल तर ३.३ किलोहर्ट्झलासुद्धा २८ मीटरच. म्हणून वारंवारता जितकी खाली न्याल तितकं बरं.

पण ३.३ किलोहर्ट्झची तरंगलांबी सुमारे ९० किलोमीटर. तेवढा अँटेना कोण उभारणार? उभारायचा नाहीच. आपण लहर पाठवतच नाही. तारेच्या वेटोळ्यात प्रवाह सोडून चुंबकीय क्षेत्र तयार करायचं आणि दूरवर दुसऱ्या वेटोळ्यात ते पकडायचं. शाळेत शिकलेलं विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. ट्रान्सफॉर्मरची दोन वेटोळी एकमेकांपासून ५० मीटर लांब नेली आहेत असं समजा. तोटा एकच: अंतर दुप्पट झालं की क्षेत्र आठपट कमी होतं. म्हणून या धंद्यात कुणी किलोमीटरच्या गप्पा मारत नाही.

आधी तार

रेडिओची हौस असलेल्यांना हे आवडत नाही, पण बचावकार्यात तारेचा फोन अजूनही सगळ्यात भरवशाचा आहे. त्यात बिघडायला फारसं काही नसतं.

जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी गेलात तर काळे, जड, डायलचे टेलिफोन मिळतात. दोन घ्या. त्यांच्या हँडसेटमध्ये कार्बन माइक असतो. तोंडाकडची जाळी फिरवून उघडा, माइक हलवून बघा. आत कोळशाची भुकटी खुळखुळली तर बहुतेक जिवंत आहे. दोन्ही माइक, दोन्ही कानाचे रिसीव्हर आणि चार पेन्सिल सेल हे सगळं एका माळेत, म्हणजे सिरीजमध्ये, दुहेरी तारेने जोडा. झाला फोन. घंटी नाही, म्हणून दोन्ही टोकांना माणूस कानाला लावून बसलेला हवा. आवाज दबला की माइक तळहातावर आपटा. भुकटी गोठलेली असते, ती मोकळी होते.

तार रिळावर गुंडाळताना आतलं टोक बाहेर काढून ठेवा. मी पहिल्यांदा ठेवलं नव्हतं. दोनशे मीटर तार उलगडून झाल्यावर कळलं की जोडायचं टोक रिळाच्या पोटात आहे.

बीकनची खरेदी

तपकीर गल्लीत एका फेरीत बहुतेक सगळं मिळतं: सीडी ४०६० आणि सीडी ४०१७ या दोन आयसी, मनगटी घड्याळातला ३२.७६८ किलोहर्ट्झचा क्रिस्टल, ७८०५ रेग्युलेटर, टीडीए २००३ आणि त्याला उष्णता शोषणारी ॲल्युमिनियमची पट्टी, डॉट बोर्ड, रोध, कपॅसिटर. टीडीए २००३ ही मुळात गाडीच्या रेडिओतली आवाज वाढवणारी आयसी. १२ व्होल्टवर चालते आणि थोडी दांडगाई सहन करते.

तांब्याची एनॅमल तार मात्र मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातून घ्या. तिथे ती वजनावर मिळते. २२ गेजची पाऊण किलो बीकनसाठी आणि ३० गेजची पाव किलो कानासाठी. दुकानदार विचारेल, "पंखा का मोटर?" गुहा म्हणालात तर अर्धा तास मोडेल. मी "प्रोजेक्ट आहे" म्हणतो.

बॅटरी १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची, लहान यूपीएसमध्ये असते ती. हा बीकन तिच्यावर दीड दिवस सहज चालतो.

वेटोळं

व्यास १ मीटर, वेढे ६०. एवढ्यात साधारण १९० मीटर तार जाते आणि तिचा रोध ८ ओहमच्या आसपास येतो, म्हणजे टीडीए २००३ ला वाटतं की आपल्यापुढे साधा स्पीकरच आहे. वेढे आणि जाडी यांचा मेळ मुद्दाम तसा घातला आहे.

गुंडाळायला चौकट लाकडाची किंवा प्लॅस्टिकची घ्या. हे मी जोर देऊन सांगतो, कारण माझं पहिलं वेटोळं मी सायकलच्या रिमवर गुंडाळलं होतं. हे सायकलींचं शहर, रिम घरात पडलेली, गोल, मजबूत, खाचही तयार. दोन तास बसून एकसारखे वेढे घातले. बीकन चालू केला तर पलीकडच्या खोलीतसुद्धा काही ऐकू येईना. रिम म्हणजे धातूचं अखंड कडं, एका वेढ्याचं शॉर्ट सर्किट. आपण जे चुंबकीय क्षेत्र तयार करतो ते खोडून काढणारा प्रवाह तिच्यात फिरतो. त्या दिवशी ट्रान्सफॉर्मर मला नव्याने समजला. आता मी ओपन पाइपिंगचा प्लॅस्टिक नळ वाकवून कडं करतो. मुलांचा हूला-हूपही चालतो, थोडा लहान पडतो एवढंच. मग वेढे थोडे वाढवा.

वेढे घालून झाले की दर वीतभर अंतरावर दोऱ्याने करकचून बांधा आणि वरून इन्सुलेशन टेप फिरवा. सैल वेढे थरथरतात आणि महिनाभरात एनॅमल घासून निघतं.

खऱ्या गुहेच्या चिंचोळ्या वाटेतून १ मीटरचं कडं जाणार नाही, हे मला ठाऊक आहे. तिथे मऊ, घडी होणारं वेटोळं लागतं. बऱ्याच तारांची चपटी रिबन केबल घेऊन प्रत्येक तारेचं शेवट पुढच्या तारेच्या सुरुवातीला जोडलं की ते होतं. पण पहिलं कडं ताठच करा. आकार कायम राहतो, त्यामुळे चूक सर्किटची की वेटोळ्याची हा गोंधळ होत नाही.

सर्किट, आणि ३२७६.८ का

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, पण तिच्या पटी फार वरपर्यंत जातात: ३२५०, ३३००, ३३५०. प्रत्येक एलईडी दिवा, इन्व्हर्टर आणि लिफ्ट त्या हवेत ओतत असतात. आपली पिप त्यांच्यावर पडली तर मेली. ती बरोबर दोन पटींच्या मध्ये बसायला हवी.

घड्याळाचा क्रिस्टल ३२७६८ हर्ट्झवर नाचतो. त्याला १० ने भागलं की ३२७६.८. खाली ३२५०, वर ३३००, मधोमध ३२७५. इतकं नेमकं आयतं हाती लागतं तेव्हा मला फार आनंद होतो. ४०६० च्या पिन ७ वर आयता १६ ने भागलेला सूर मिळतो, त्याच्या मोहात पडू नका. तो २०४८ आहे आणि २०५० ची पट त्याच्या उरावर बसलेली आहे. शिवाय माणसाचा कान २ ते ५ किलोहर्ट्झच्या दरम्यान सगळ्यात तिखट असतो, तेव्हा ३२७६.८ कानालाही मानवतो.

जोडणी अशी. दोन्ही सीडी आयसींना ७८०५ मधून ५ व्होल्ट द्या. थेट १२ व्होल्टवर घड्याळाचा नाजूक क्रिस्टल टिकत नाही. ४०६० च्या पिन १० आणि ११ मध्ये १० मेगाओहम. क्रिस्टलचं एक टोक पिन ११ ला, दुसरं टोक ३३० किलोओहममधून पिन १० ला. क्रिस्टलच्या दोन्ही टोकांपासून जमिनीला, म्हणजे ग्राउंडला, बॅटरीच्या ऋण टोकाला, २२ पिकोफॅरॅडचा एकेक कपॅसिटर. पिन १२ जमिनीला. पिन ९ वर क्रिस्टलचा सूर मिळतो, तो ४०१७ च्या पिन १४ ला द्या. ४०१७ ची पिन १३ जमिनीला. पिन १२ वर १० ने भागलेली चौकोनी लहर येते.

आता गंमत. ४०६० च्या पिन ३ वर सेकंदाला दोन ठोके मिळतात. ते ४०१७ च्या पिन १५ ला, म्हणजे रीसेटला जोडा. पाव सेकंद सूर, पाव सेकंद शांतता. पिप-पिप झाली, वेगळा भाग लागला नाही. मध्ये एक तीनपदरी स्विच टाका: एका बाजूला हे आपोआप ठोके, दुसऱ्या बाजूला हाताने दाबायचं बटण, मधल्या जागी रीसेट जमिनीला म्हणजे अखंड सूर. दोन्ही सीडी आयसींच्या वीजपुरवठ्याच्या पिनांपाशी ०.१ मायक्रोफॅरॅडचा एकेक कपॅसिटर टाका.

४०१७ ची पिन १२ ते टीडीए २००३ च्या मध्ये ४७ किलोओहम आणि जमिनीला १ किलोओहम. ५ व्होल्टचे साधारण ०.१ व्होल्ट होतात, आणि आयसीची वाढ शंभरपट असल्यामुळे बाहेर पुन्हा १० व्होल्टचा झोका मिळतो. टीडीए २००३ च्या बाकीच्या जोडण्या तिच्या डेटाशीटमधल्या नेहमीच्या आकृतीप्रमाणे करा. बाहेर १००० मायक्रोफॅरॅड, मग १ ओहमचा २ वॅटचा रोध, मग ट्यूनिंगचा कपॅसिटर, मग वेटोळं, मग जमीन.

ट्यूनिंग, आणि एक झटका

वेटोळ्याचं इंडक्टन्स साधारण ११ मिलिहेन्री येतं. ३२७६.८ ला त्याचा अडथळा २३० ओहमच्या वर. तो खोडायला सिरीजमध्ये साधारण ०.२ मायक्रोफॅरॅड लागतं. तुमचं वेटोळं माझ्यासारखं नसणार, म्हणून ०.१ आणि ०.०६८ पासून सुरुवात करून छोटे छोटे कपॅसिटर समांतर जोडत जा. स्विच अखंड सुरावर ठेवा आणि १ ओहमच्या रोधावर मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावा. जितके व्होल्ट तितके अँपिअर. स्वस्त मीटर ३ किलोहर्ट्झला खोटं बोलतात, पण वाढतंय की कमी होतंय हे बरोबर सांगतात, आणि आपल्याला शिखरच शोधायचं आहे. शिखरावर अर्ध्या अँपिअरच्या आसपास मिळालं की थांबा.

थांबा म्हणजे हातही थांबवा. अर्धा अँपिअर गुणिले २३० ओहम, कपॅसिटर आणि वेटोळ्याच्या सांध्यावर ११५ व्होल्टच्या वर उभे असतात. बॅटरी १२ चीच असते, बाकीचे रेझोनन्सने जमवलेले. "१२ व्होल्टला काय होतंय" म्हणत मी चालू असताना तो सांधा चिमटीत धरला होता. चिमटी अजून आठवते. म्हणून दोन नियम: कपॅसिटर ६३० व्होल्टचे पॉलिप्रॉपिलीनचेच घ्यायचे, साधे सिरॅमिक नाहीत. आणि तो सांधा एम-सीलने किंवा सिलिकॉनने पुरून टाकायचा. ओल्या गुहेत, ओल्या हातांनी हा संच कुणीतरी उचलणार आहे, कदाचित तुम्ही नसाल.

कान

३० सेंटिमीटर व्यासाची लाकडी किंवा प्लॅस्टिकची रिंग, भरतकामाची मोठी रिंग उत्तम, तिच्यावर ३० गेजचे ३०० वेढे. समांतर साधारण ०.०३६ मायक्रोफॅरॅड. तेही थोडं कमी-जास्त करून बीकनची पिप सर्वांत मोठी येईल तिथे थांबवा. पुढे एनई ५५३४ ही आयसी, शंभरपट वाढ. मग आवाजाची गुंडी, मग एलएम ३८६, मग हेडफोन. ९ व्होल्टची बॅटरी पुरते. एकाच बॅटरीवर चालवायचं म्हणून दोन १० किलोओहम रोधांनी अर्ध्या व्होल्टेजचा बिंदू करा, तिथे १० मायक्रोफॅरॅड द्या आणि वेटोळ्याचं एक टोक त्या बिंदूला बांधा.

पहिल्यांदा चालू कराल तेव्हा तो किंचाळेल. सगळ्यांचा किंचाळतो. हेडफोनची वायर वेटोळ्याच्या जवळून गेली की वाढवलेला आवाज पुन्हा वेटोळ्यात शिरतो. वायर उलट्या दिशेने, हाताच्या कोपराकडून न्या. किंचाळण्याऐवजी फट-फट-फट अशी लाँच चालली तर एलएम ३८६ च्या वीजपुरवठ्यापाशी १०० मायक्रोफॅरॅड टाकायचा राहिला आहे.

मोकळ्या माळावर, विजेच्या तारांपासून लांब, बीकन आणि कान दोन्ही आडवे ठेवून १०० मीटरवर पिप ऐकू यायला हवी. नाही आली तर सर्किटात चूक आहे, खडकाला दोष देऊ नका. वळवाच्या दिवसांत संध्याकाळी हेडफोनमध्ये कडकड ऐकू येईल. ती तुमच्या सर्किटातली नाही. शेकडो किलोमीटर लांब पडणाऱ्या विजा या कानाला ऐकू येतात.

वाड्यात लपाछपी

बीकन आत पाणसळ लावून आडवा ठेवला की बरोबर त्याच्या डोक्यावर क्षेत्र सरळ उभं असतं. वर कान उभा धरा, म्हणजे रिंग दारासारखी उभी, आणि स्वतःभोवती फिरा. एका दिशेला पिप बुडते. ती बुडते तेव्हा रिंगची कड बीकनकडे रोखलेली असते. जमिनीवर त्या दिशेत दोरी टाका. चार पावलं बाजूला जाऊन पुन्हा तेच. दोन दोऱ्या जिथे छेदतात त्याच्या खाली तुमचा माणूस. तिथे उभी रिंग कुठेही फिरवली तरी आवाज बुडालेलाच राहतो. ही खूण.

मग खोली. खुणेपासून सरळ बाहेर चालत जा आणि रिंग ४५ अंशात कलती धरून बघा, कुठे आवाज बुडतो. ते अंतर गुणिले १.७८, ही खोली. जागा मोठी असेल तर आणखी बाहेर जा. रिंग पूर्ण आडवी असताना जिथे आवाज बुडतो, त्या अंतराला ०.७ ने गुणा. दोन्ही उत्तरं जवळपास आली पाहिजेत. बीकन १० अंश कलला तर २० मीटर खोलीवर वरची खूण मीटरभर सरकते. पाणसळ विसरू नका.

याचा सराव सोसायटीच्या पार्किंगमध्ये बीकन आणि गच्चीवर कान असा करू नका. मी केला. स्लॅबमधल्या सळयांनी दिशा अशा वाकवल्या की सगळ्या दोऱ्या लिफ्टकडे बोट दाखवत होत्या. मग सदाशिव पेठेतल्या एका मित्राचा वाडा आठवला. सागवानी तुळया, विटा, सळई नावालाही नाही. बीकन खालच्या चौकात, आम्ही वर माळ्यावर. पहिला अर्धा तास नुसती भणभण. मेन स्विच बंद करायला सांगितलं तर मित्राची आई माळ्याच्या जिन्यातून ओरडली, "अरे, चटणी अर्धी वाटून झालीय, तेवढी होऊ दे की!" मिक्सर थांबला आणि त्या शांततेत पिप-पिप इतकी स्वच्छ आली की मित्राने हेडफोन काढून बघितला, खालून येतेय की काय. खुणेपासून ४५ अंशांचा बुडीत बिंदू ४.४ मीटरवर मिळाला. गुणाकार ७.८ मीटर. जिन्याच्या पोकळीतून टेप सोडली तर ८.१. काकूंना सांगितलं तर म्हणाल्या, "टेप होती तर मग माझी चटणी का थांबवलीत?" गुहेत टेप सोडायला जिना नसतो, हे त्यांना पटलं की नाही माहीत नाही. चटणी मात्र मिळाली.

बोलायचं असेल तर

आवाजाला स्वतःलाच जवळपास ३ किलोहर्ट्झची रुंदी लागते, म्हणून तो अरुंद, ट्यून केलेल्या ३.३ किलोहर्ट्झच्या वेटोळ्यातून जात नाही. आवाज वाहून नेणारी वारंवारता वर न्यावी लागते, आणि वर नेलं की खडक खातो. ब्रिटनमध्ये ही तडजोड ८७ किलोहर्ट्झवर झाली. आधी बॉब मॅकिन यांचा मोलफोन आला. मग जॉन हे यांनी सिंगल साइडबँडचा हेफोन रचला आणि स्वयंसेवकांनी तो बचावपथकांसाठी हाताने बांधला. फ्रेंच आणि ब्रिटिश गुहाप्रेमींनी मिळून केलेल्या तशाच यंत्रणेचं नाव निकोला. १९९६ मध्ये फ्रान्सच्या गूफ्र बेर्जे गुहेत मरण पावलेल्या निकोला डॉलिमोर हिच्या आठवणीतलं. २०१८ मध्ये थायलंडच्या थाम लुआंग गुहेत १२ मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक अडकले, तेव्हा ब्रिटनमधून हेफोन तिकडे नेले गेले. आधीच्या पिढीतल्या हौशी माणसाने रचलेला, स्वयंसेवकांनी हाताने जोडलेला डबा.

हे वाचून हात शिवशिवले तरी ८७ किलोहर्ट्झवर प्रक्षेपण सुरू करू नका. तो हॅम, म्हणजे परवानाधारक हौशी रेडिओवाल्यांचा, पट्टा नाही. हॅम परवाना असला तरी तिथे बोलता येत नाही, त्यासाठी दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची लेखी परवानगी लागते. आपला ३.३ किलोहर्ट्झचा बीकन वेगळ्या जागी बसतो. वारंवारतांच्या आंतरराष्ट्रीय वाटपाचा तक्ताच ८.३ किलोहर्ट्झपासून सुरू होतो. हॅमची परीक्षा तरीही द्या. १२ वर्षं पूर्ण झालेलं कुणीही देऊ शकतं, आणि वरच्या पथकाला आपसात बोलायला १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा पट्टा कायदेशीर मिळतो.

तोवर पिपांनीच बोलायचं. आमची भाषा चार शब्दांची आहे, बटणावर दाबायची: एक लांब म्हणजे ऐकू आलं, दोन म्हणजे सगळे ठीक, तीन म्हणजे माणूस जखमी, चार म्हणजे पाणी वाढतंय. वरून आत उत्तर द्यायचं तर दुसरा बीकन आणि दुसरा कान लागतो, म्हणून दोन्ही गोष्टी जोडीनेच बनवा. पाचवा शब्द घालायचा मोह टाळा. काळोखात, थंडीत, सहाव्या तासाला माणसाला चारपर्यंतच मोजता येतं.

आत नेण्याआधी

लेण्यांमध्ये सराव करायचा तर पुरातत्त्व खात्याची परवानगी घ्या. खिळा नाही, टेप नाही, भिंतीला टेकवून ठेवणंही नाही. वटवाघळं असतील तिथून परत फिरा. जुन्या विहिरीत आणि बंद टाक्यात प्राणवायू कमी असतो, तिथे बीकन दोरीने सोडा, स्वतः उतरू नका. आणि खरंच कुणी अडकलं असेल तर आधी ११२. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची ५ वी तुकडी आपल्या तळेगावजवळ सुदुंबऱ्यालाच आहे. आपला डबा त्यांच्या कामाला मदत करू शकतो, त्यांची जागा घेऊ शकत नाही.

सगळं इलेक्ट्रॉनिक्स घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात बसवा. बटणं अशी घ्या की जाड हातमोज्याने दाबता येतील. मग घरातले सगळे दिवे बंद करा, हात पाण्यात बुडवा आणि संच पिशवीतून काढून चालू करून बघा. मला पहिल्यांदा सात मिनिटं लागली. चार मिनिटं तर बॅटरीचं लाल टोक कुठलं हे चाचपण्यात गेली. आता लाल तारेला गाठ मारलेली आहे, काळीला नाही.

डब्याच्या झाकणावर आतल्या बाजूने तीन गोष्टी लिहून ठेवा: वारंवारता, पिपांचे चार अर्थ, आणि बॅटरी शेवटची कधी चार्ज केली ती तारीख. माझ्या झाकणावर सध्या गेल्या महिन्याची तारीख आहे, म्हणजे आज रात्री चार्जर लावायचा आहे.